तुम्ही विचारलंत म्हणून: आधी तुमचं वजन सांगा

पाटणच्या पेट्रोल पंपावर, ढेबेवाडीच्या चहाच्या टपरीवर, आणि एकदा तर म्हशीची गर्भतपासणी चालू असताना, हात खांद्यापर्यंत आत, हा प्रश्न माझ्या कानावर आलाय: "डॉक्टर, हिमालयनला शॉकअप कुठला टाकलाय ओ? किती गेले?"

विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीतला असतो. त्याच्याकडे तीच गाडी असते किंवा घ्यायची असते. मी उलट विचारतो, "तुझं वजन किती?" पोरं हसतात. जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे त्यांना ती चेष्टाच वाटते. पण खरं उत्तर तिथूनच सुरू होतं आणि ते पंपावर उभ्या-उभ्या सांगून होत नाही. म्हणून एकदा बसून लिहितोय.

माझी गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन ४११. ही २०१६ साली आली, २०२३ च्या अखेरीला ४५० आली आणि हिची सद्दी संपली. माझी २०१९ ची. पुढचं चाक २१ इंची, मागचं १७. पुढचे फोर्क २०० मिलिमीटर दबतात; मागे एकच शॉकअप, तो लिंकेजमधून, म्हणजे जोडदांड्यांमधून, चाकाला १८० मिलिमीटर खाली-वर होऊ देतो. ताकद म्हणाल तर साडेचोवीस बीएचपी. एवढ्या सीसीत एवढीच, असं माझा मेहुणा दर दिवाळीला ऐकवतो. ऐकवू दे. तो पुण्यात राहतो.

आमच्या धंद्यात लोक शंभर-सव्वाशे सीसीची गाडी वापरतात आणि आयुष्य काढतात. मी ही घेतली ती सडावाघापूरच्या पठारामुळे. पवनचक्क्यांची पाती वर न्यायला केलेले ते रस्ते रुंद आहेत, पण डांबर नाही. उन्हाळ्यात पन्हळी पत्र्यासारख्या लाटा, पावसाळ्यात जांभ्याचा लाल राडा. त्यापलीकडच्या वस्त्यांवर जायला मोठं चाक लागतं. हौस होती हेही खरं. बायकोला विचारलंत तर ती हौसच सांगेल.

आता मागच्या कॅरियरवर काय असतं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याची आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, उणे १९६ अंशाला. त्यासाठी तीन लिटरचा कंटेनर असतो. आतला नायट्रोजन जेमतेम अडीच किलो भरतो, त्यामुळे वजनाचा प्रश्न त्याचा नाही. पण या कंटेनरच्या पोटात दुसरं भांडं असतं, दोन्हींच्या मध्ये निर्वात पोकळी, आणि आतलं भांडं फक्त गळ्यावर लोंबतं. म्हणजे विहिरीत कळशी सोडावी तसं. गाडीला जो धक्का बसतो, तो त्या गळ्यालाही बसतो. शिवाय कॅल्शियमच्या बाटल्या, दोऱ्या, औषधांची पेटी. सगळं धरून वीस-बावीस किलो, आणि तेही मागच्या आसाच्या पाठीमागे. त्याच्या पुढे मी. बूट-जॅकेट घालून ९२ किलो.

तीन वर्षं असंच चाललं. खड्डा आला की मागून "धप्प" असा आवाज यायचा, म्हणजे शॉकअप पार बसला. मी त्याला गाडीचा स्वभाव समजत होतो. मग एका मे महिन्यात चाफळच्या बाजूनं खाली उतरलो आणि बघतो तर कंटेनरला बाहेरून घाम. घाम म्हणजे पोकळी गेली. संध्याकाळपर्यंत त्यावर पांढरं बर्फ धरलं आणि रात्री आत नायट्रोजनचा थेंब नव्हता. नेमका कुठल्या दणक्यानं गळा गेला हे सांगता येणार नाही, पण दणके मोजायला मीच त्याच्या पुढं बसलो होतो. कांड्या गेल्या त्याचं एवढं नाही. दुसऱ्या दिवशी तीन गायी माजावर होत्या. माज चुकला की पुन्हा २१ दिवस, आणि शेतकऱ्याला ते २१ दिवस दुधाच्या हिशेबात दिसतात. एका आजीनं मला काही न बोलता चहा दिला. ते जास्त लागलं.

मग उपाय सुरू झाले आणि पहिले दोन्ही चुकले.

पहिला उपाय प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी आवळून ठेवायचा. गॅरेजवाल्यानं सी-स्पॅनरनं मागची रिंग शेवटच्या खाचेवर नेली आणि म्हणाला, "आता कडक झाली बघा." कडक झाली नव्हती, उंच झाली होती. करडू तोलायचा स्प्रिंगकाटा आठवा. त्याचा शून्य वर-खाली सरकवता येतो, पण दर किलोला काटा किती उतरणार हे स्प्रिंगच ठरवते. प्रीलोड म्हणजे तो शून्य. "धप्प" थोडं कमी झालं, कारण गाडी आता वरून दबायला सुरुवात करत होती. पण नवीनच एक आवाज आला: गचक्यानंतर चाक खाली सुटलं की "टण्". शॉकअप वरच्या टोकाला आपटत होता. पूर्वी तळाला आपटायचा, आता छताला.

दुसरा उपाय फोर्कच्या तेलाचा. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मला सांगितलं की पुढच्या फोर्कमध्ये घट्ट तेल टाकलं की काम होतं. टाकलं. पठाराच्या लाटांवर पहिल्याच दिवशी मनगटं बधिर झाली. याचं कारण मला इंजेक्शन देताना कळलं, खोटं नाही सांगत. दाट औषध बारीक सुईतून हळू ढकललं तर निमूट जातं. घाईनं दाबलं तर अंगठाच मागे येतो. साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून जातं, आणि वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे ब्रेक मारल्यावर फोर्क सावकाश दबतो तेव्हा हवा तेवढा विरोध नाही, आणि दगड बसतो तेव्हा नको तेवढा आहे. त्यात दाट तेल टाकलं की फोर्क दबल्यावर वर यायलाही उशीर. एक लाट संपून तो सरळ होईतो दुसरी येते, मग तिसरी, आणि पाच लाटांनंतर दोनशे मिलिमीटरच्या फोर्कमधलं ऐंशीच उरलेलं असतं.

इथं मी थांबलो आणि जे जनावराच्या बाबतीत पहिल्या दिवशी करतो ते गाडीच्या बाबतीत तीन वर्षांनी केलं. मोजमाप घेतलं.

वजनानं गाडी किती बसते याला सॅग म्हणतात आणि हे मोजायला काहीही विकत आणावं लागत नाही. बायको ब्लाउज शिवते, तिची टेप घेतली. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक लोंबतं ठेवून चाकाच्या नटापासून सरळ वर कॅरियरच्या एका बोल्टपर्यंत अंतर घेतलं. "चोवीस आणि वर एक रेघ," बायको म्हणाली. म्हटलं, इंच नको, टेप उलटी कर. ६१२ मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून खाली, कोणी न बसता: ६०८. मग शेजारच्या पोराला हँडल धरायला लावून मी पूर्ण पोशाखात, पेटीसकट, पाय वर घेऊन बसलो: ५५२. प्रत्येक वेळी गाडी एकदा दाबून सोडायची, एकदा उचलून सोडायची आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा, कारण घर्षणामुळे ती कुठंही अडकून बसते.

म्हणजे मी बसल्यावर गाडी ६० मिलिमीटर दबली. १८० चा तिसरा हिस्सा. पुस्तकात असंच लिहिलेलं असतं, एक तृतीयांशाच्या आसपास. बायको म्हणाली, मग बरोबर आहे की. बरोबर नव्हतं, आणि ते दुसऱ्या आकड्यात लपलं होतं. गाडी स्वतःच्या वजनानं फक्त ४ मिलिमीटर दबत होती. ती निदान पंधरा-वीस तरी बसायला हवी. स्प्रिंगला आधीच इतकं आवळून ठेवलंय की गाडीच्या वजनाला ती दादच देत नाही, आणि माझं वजन आलं की एकदम सगळी जाते. हे मऊ स्प्रिंगचं लक्षण. उलट असतं, म्हणजे माणूस बसल्यावर आकडा बरोबर पण रिकामी गाडीच खूप बसते, तर स्प्रिंग जास्त कडक. हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. एकटा एक काही सांगत नाही, नुसत्या तापासारखा.

यात स्प्रिंगला दोष देऊ नका. ती कुणा मधल्या वजनाच्या माणसासाठी बसवलेली असते. मी तो माणूस नाही आणि माझं सामान तर त्याच्याकडे अजिबातच नाही.

नवीन शॉकअप बसवायला जुना काढला तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती सांगायला मला लाज वाटते. लिंकेजच्या बेअरिंग गंजून जवळजवळ धरल्या होत्या. कोयनानगरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माझा निम्मा फेरा त्या बाजूला, आणि मी तीन पावसाळे तिथं ग्रीसचं बोट लावलं नव्हतं. साफ केलं, एक बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं, जुनाच शॉकअप लावून पुन्हा मोजलं. ४ चे ९ झाले. निदान तेच राहिलं, पण गाडी त्या दिवशीच निराळी वाटली, फक्त ग्रीसवर. म्हणून मला कुणी विचारलं की डॉक्टर, पैसे नाहीत, काय करू, तर मी म्हणतो लिंकेज उघड.

मागच्या चाकाला वायएसएसचा शॉकअप घेतला. थायलंडची कंपनी आहे, हिमालयनला जसाच्या तसा बसणारा मिळतो. घेताना माझं वजन आणि सामानाचं वजन सांगून कडक स्प्रिंग मागितली. पुढच्या फोर्कमध्ये फक्त स्प्रिंगा बदलल्या आणि तेल पुन्हा कंपनीच्या पुस्तकातलंच टाकलं. फोर्कमध्ये तेल किती मापं टाकलं यापेक्षा ते कुठवर उभं राहतं याला महत्त्व आहे. वरची कोंडलेली हवासुद्धा शेवटी-शेवटी स्प्रिंगचं काम करते. तेल जास्त झालं तर हवा कमी आणि फोर्क शेवटाला दगड होतो. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. गॅरेजवाला त्यासाठी साधन शोधत होता. मी पेटीतून ५० मिलिलिटरची सिरिंज काढली, तिला सलाइनची नळी लावली, नळीवर हव्या त्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टी काठावर येईपर्यंत नळी आत सोडून ओढत राहिलो. जास्तीचं तेल आलं, मग नुसती हवा. तिथं थांबायचं. गॅरेजवाल्यानं ती सिरिंज ठेवून घेतली.

आता मागे रिकामी गाडी १६ मिलिमीटर बसते, मी आणि पेटी मिळून ५७. रिबाउंडचा स्क्रू, म्हणजे दबलेली गाडी किती वेगानं वर यावी हे ठरवणारा, मी एका रविवारी पठारावरच लावला. दोन क्लिक, एक फेरी, उतरायचं, लिहायचं. रेतनाच्या नोंदवहीचं शेवटचं पान त्यातच गेलंय. शेवटी जुळलं तेव्हा खूण साधी होती: सीट जोरात दाबून सोडली की गाडी एकदाच वर येते आणि थांबते, नाचत नाही.

खर्च? माझ्या गाडीला आज कोणी जे देईल त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. घरात त्याची नोंद "एक कालवड" अशी आहे.

तोटे कोणी सांगत नाही, मी सांगतो. पेटी न घेता एकटा कराडला गेलो की गाडी टणक लागते. सीट बोटभर उंच झाली, त्यामुळे उतारावर थांबताना चवड्यांवर उभं राहावं लागतं आणि एकदा त्याच नादात शेणाच्या उकिरड्यात आडवा झालोय. नव्या कंटेनरला अजून घाम आलेला नाही, पण त्याचं श्रेय शॉकअपला किती आणि मी कंटेनर सायकलच्या ट्यूबवर टांगला त्याला किती, हे मी शपथेवर सांगणार नाही. मनगटं मात्र नक्की सुधारली.

गेल्या पावसाळ्याआधी पंपावर एक पोरगा भेटला, वजन ५८, मागे कोणी बसत नाही, सामान म्हणजे एक रेनकोट. त्याला म्हटलं, तुझी आहे तीच ठेव, रिंग एक खाच सैल कर, पुढच्या वर्षी बघू. त्याचं तोंड उतरलं. दोन महिन्यांनी तोच पोरगा मोरगिरीच्या फाट्यावर दिसला, गाडीच्या बुडाखाली चकचकीत पिवळी स्प्रिंग.

"सॅग मोजलास?"

"नाही ओ डॉक्टर. पण भारी दिसतंय ना?"

पाऊस थांबला होता, मला घाई नव्हती. बस म्हटलं, पाय वर घे. टपरीवाल्यानं हँडल धरलं, मी टेप लावली. साठच्या जागी ३८.

"चांगलं आहे ना?" त्यानं विचारलं.

सी-स्पॅनर पेटीत तळाला होता, वासरू ओढायच्या दोरीखाली.