दुव्रच्या शेतातली तबकडी

फ्रान्समधल्या काँ शहरातून उत्तरेला समुद्राकडे निघाले की बारा-तेरा किलोमीटरवर दुव्र-ला-देलिव्रांद हे गाव लागते. नॉर्मंडीला येणारे बहुतेक जण थेट किनाऱ्यावर जातात. माझे बालपण मात्र पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरात गेल्यामुळे, शिवारात उभी असलेली जाळीदार तबकडी पाहिल्याशिवाय मला पुढे जाववेना. ही तबकडी ७.५ मीटर व्यासाची, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलाच्या ‘व्युर्झबुर्ग रीझे’ या रडारची.

शेजारच्या बंकरमध्ये उतरल्यावर या यंत्रणेची रीत उलगडत जाते. शंभर किलोमीटरपलीकडची विमाने आधी ‘फ्रेया’ रडार हेरत असे, पण त्याला उंची कळत नसे. मग एक रीझे शत्रूच्या बाँबफेकी विमानाचा आणि दुसरे रीझे आपल्याच लढाऊ विमानाचा माग घेई. काचेच्या टेबलावर त्यांचे दोन रंगांचे प्रकाशठिपके सरकत, आणि ते पाहून अधिकारी रेडिओवरून अंधारातल्या वैमानिकाला वाट दाखवी. एका वेळी एकाच लढाऊ विमानाला असे नेता येई, हे मला या अतिशय बुद्धिमान रचनेचे मोठेच न्यून वाटते.

दुसरे न्यून तरंगलांबीत होते. व्युर्झबुर्ग साधारण ५३ सेंटीमीटरच्या लहरींवर चाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रुनेव्हालच्या कड्यावरून लहान व्युर्झबुर्गचे भाग उचलून नेले, आणि त्यातून त्याची रचना ब्रिटिशांना जवळून अभ्यासता आली. २४ जुलै १९४३ च्या रात्री हँबर्गवर निघालेल्या विमानांनी या तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २७ सेंटीमीटर लांबीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आकाशात उधळल्या आणि रडारचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरून गेले. त्या आठवड्यात हँबर्गमध्ये हजारो नागरिक जळून मेले. तबकडीसमोर उभा असताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

दुव्रचे केंद्र दोस्त राष्ट्रांच्या आक्रमणानंतरही वेढ्यात तग धरून राहिले आणि १७ जून १९४४ रोजी पडले.

याच जातीच्या एका तबकडीचे पुढे नेदरलँड्समधील कोटवाइक येथे जे झाले, त्यासाठी मी खरे तर हा प्रवास आखला होता. तिथे खगोलशास्त्रज्ञांनी ती आकाशगंगेकडे वळवली आणि मे १९५१ मध्ये, हायड्रोजनची २१ सेंटीमीटरची क्षीण रेडिओ लहर हार्वर्डमध्ये सापडल्यानंतर काही आठवड्यांतच, या तबकडीनेही ती टिपली.