'मी प्लास्टिक नाही' म्हणणारी पिशवी

दादरच्या बाजारात पालेभाजी आता ज्या हिरवट, पातळ पिशवीतून मिळते तिच्यावर बरेचदा 'मी प्लास्टिक नाही' असं छापलेलं असतं. ही छपाई उगाच केलेली नाही. राज्यात 2018 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्या खेपेचा दंड 5,000 रुपये. केंद्राच्या नियमांत साध्या पिशवीला किमान 120 मायक्रॉन जाडी लागते. कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशवीला मात्र ही अट नाही. या सवलतीत घुसायला थोडी हिरवी शाई पुरते.

आधी मजकूर वाचा. खऱ्या पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. नुसतं 'बायोडिग्रेडेबल' किंवा 'ऑक्सो' लिहिलं असेल तर ती बाजूला ठेवा. ऑक्सो म्हणजे धातूचे क्षार मिसळलेलं पॉलिथिन. त्याचा भुगा होतो, पण तो भुगाही प्लास्टिकचाच.

क्रमांकही खोटा छापता येतो. म्हणून बोटभर तुकडा कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि चिकटलेले बुडबुडे झटका. पॉलिथिन वर येतं, कंपोस्टेबल माल तळाशी जातो. पण इथेही गोम आहे: पॉलिथिनमध्ये वजनाच्या साधारण 12 टक्क्यांहून जास्त खडूची पूड घातली की तेही बुडतं. बुडालेला तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर जाळा. मेणबत्तीसारखा वास आला आणि पांढरी राख उरली, तर खडू घातलेलं पॉलिथिन समजा. आयोडिनने तुकडा निळा-काळा झाला तरी हुरळू नका. त्यावरून फक्त स्टार्च आहे एवढंच कळतं, आणि स्टार्च पॉलिथिनमध्येही मिसळतात.

आणि अस्सल पिशवी? कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीच्या आयएसओ 17088 या आंतरराष्ट्रीय मानकाची कसोटी सुमारे 58 अंशांवर, 180 दिवसांच्या आत 90 टक्के विघटन मागते. सोसायटीच्या खतपेटीत एवढी उष्णता क्वचितच टिकते, म्हणून खत चाळताना चिंध्या निघतात. सुक्या कचऱ्यात गेली तर आणखी पंचाईत: भंगारवाल्याला ती पॉलिथिनसारखीच दिसते, आणि वितळवताना मिसळली की पुनर्वापराच्या प्लास्टिकचे दाणे कमजोर होतात.

फसव्या पर्यावरणीय दाव्यांवर ऑक्टोबर 2024 पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; ग्राहक हेल्पलाइन 1915. पण बनावट पिशवीवर नावच नसतं, त्यामुळे हाती लागतो तो भाजीवाला. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा बंडल कोणत्या घाऊक दुकानातून आलं ते विचारा आणि वेष्टनाचा फोटो काढा. कारखान्याचं नाव असलंच तर तिथेच सापडतं.