आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधला पट्टा

ठाण्यातले फिजिओ आम्हाला ‘ॲपवाले’ म्हणतात. म्हणोत. आमच्या गाळ्यात शिरलं की आधी शिलाई मशीन दिसतं, संगणक मागच्या कोपऱ्यात. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरवरून, म्हणजे फोन किती कलला ते ओळखणाऱ्या सेन्सरवरून, सांधा किती वाकला तो कोन काढणारं ॲप कॉलेजातला पोरगाही सुट्टीत लिहील. तोच फोन नडगीवर न सरकता बसवून दाखव म्हणावं!

वडील ॲक्रिलिकचे गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची साधनं, बनवायचे. दोन दांड्या, मधे रिव्हेट. सगळी कारागिरी त्या रिव्हेटमध्ये. सैल राहिली तर दांडी आपल्या वजनानं खाली येते, आवळली तर फिजिओचा अंगठा भरून येतो. दांडी उचलून सोडायची, जिथल्या तिथे थांबली तरच माल पेटीत. पण मोजताना एक दांडी मांडीवर, एक नडगीवर, बिजागरी गुडघ्यावर आणि वर पेशंटचा पायही धरायचा. तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून २०१४ साली आम्ही फोनकडे वळलो. पट्ट्यानं फोन आधी मांडीला लावून शून्य करायचा, मग नडगीला लावून आकडा वाचायचा. मांडीला स्नायू फुगला की पट्टा कलतो, म्हणून आमच्या पट्ट्याला आतून रबरी जाळी आहे. ती कुठून आणतो ते सांगणार नाही.

नौपाड्यातल्या एक मॅडम आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. नवा फोन आला की दाराच्या चौकटीला लावून ९० येतात का बघणार, मग स्टीलच्या गोनिओमीटरशी ताडणार, मगच पेशंटला लावणार. सवलत कधी मागितली नाही, तक्रार मात्र दर महिन्याला. आकडा मोठा दिसावा आणि मराठीत बोलून दाखवावा, ही त्यांचीच सूचना. पाय आवळून झोपलेल्या आजींना स्क्रीन कुठून दिसणार?

आता २०१९. एका मोठ्या रुग्णालयाची ऑर्डर ‘तुमचीच आहे’ असं तोंडी सांगितलं गेलं. कापड आलं, वेल्क्रोचे रोल आले. ऐन वेळी बाहेरगावची एक कंपनी डेमोला आली. आमचाच पट्टा डीलरकडून घेऊन, शिवण उसवून नक्कल केलेली, टाकेसुद्धा तेच. टीव्हीवर रंगीत सांगाडा फिरत होता. त्यांनी पेशंटला लोखंडी खाटेवर बसवून मान डावी-उजवीकडे वळवून दाखवली. ही हालचाल आडवी, तिथे गुरुत्वाकर्षणावरून कोन कळतच नाही. ॲप दिशेसाठी मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे फोनमधल्या होकायंत्रावर, जातं आणि लोखंडाजवळ तो भरकटतो. मान मधोमध परत आली तरी आकडा शून्यावर आला नाही. मी म्हटलं, पेशंटला उताणं झोपवा, मग हीच हालचाल उभ्या प्रतलात येते आणि बरोबर मोजली जाते. रुग्णालयाच्या साहेबांनी विचारलं, “तुमच्याकडे सांगाडा नाही का?”

ऑर्डर गेली. एक गाळा सोडला, शिवणाऱ्या बायकांचा पगार अर्ध्यावर आणला. त्यावर २०२०चा मार्च. गुडघा बदलून घरी गेलेले पेशंट घरातच अडकले. तेव्हा मॅडमनी आगाऊ पैसे देऊन पट्टे घेतले, पेशंटच्या घरी पाठवले आणि व्हिडिओ कॉलवर त्यांच्याच फोनवर कोन मोजला. बघून बाकीच्यांनीही मागवले. पगार पूर्ववत झाले. ती कंपनी नंतर दुसऱ्याच धंद्यात गेली. मला आनंद झाला, लपवत नाही.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्यानं क्लिनिक टाकणाऱ्यांना दोन शब्द, विचारलं नसलं तरी. फोनचं जाडं कव्हर काढा. नडगीच्या पोटरीकडच्या बाजूला नको, पुढच्या हाडावर लावा. कालच्यापेक्षा दोन अंश जास्त आले म्हणून पेढे वाटू नका. हातानं मोजताना पाच अंशांचा फरक नुसत्या मापातलाही असू शकतो. जिन्यापुरतं गुडघा ९०च्या आसपास वाकला की भागतं, उकिडवं बसायचं तर १२०च्या पलीकडे जावं लागतं. पेशंटला घरी काय करायचंय ते आधी विचारा. आणि रुग्णालयाला उधारीवर माल देऊ नका.

त्या रुग्णालयातले फिजिओ हल्ली स्वतःच्या खिशातून आमचे पट्टे नेतात. परवा एकानं विभागाच्या नावानं बिल मागितलं. त्याला म्हटलं, आधी जीपे कर.