तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्टच्या ऑफिससाठी कोणतं सॉफ्टवेअर?

स्वतःचं ऑफिस सुरू करणारे आर्किटेक्ट हमखास विचारतात, "काम सुधारायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी म्हणतो, नाव नंतर ठरवा. आधी बघा, एकच माहिती तुमच्याकडे किती ठिकाणी लिहिली जाते.

एका दाराचंच घ्या. रुंदी ९०० मिलिमीटरची १००० करायची आहे. टू-डी ड्रॉइंगमध्ये प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन आणि डोअर शेड्यूल (दारांच्या मापांची यादी), सगळीकडे हातानं बदल करावा लागतो. शेड्यूल राहून गेलं की सुतार ९००ची चौकट करून आणतो आणि गवंड्यानं प्लॅन बघून जागा १०००ची सोडलेली असते. १९८२ साली ऑटोकॅड आलं, रेघा मारणं झपाट्यानं सोपं झालं. ही जुळवाजुळव मात्र माणसाकडेच राहिली. आर्किकॅड, रेव्हिट यांसारख्या बिम (BIM, म्हणजे इमारतीचं माहितीसकट थ्री-डी मॉडेल करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये दार मॉडेलमध्ये एकदाच बदलतं आणि बाकीची ड्रॉइंग्ज त्यातूनच निघतात. मला खरा फायदा इथे दिसतो. चकचकीत थ्री-डी व्ह्यू त्याच्यापुढे दुय्यम.

दुसरा फायदा छताखाली. स्लॅब ते स्लॅब ३३०० मिमी, स्लॅबसकट बीम ६००, त्याखाली एसीचा डक्ट ३५०, फॉल्स सीलिंगला आणखी १००. पॅसेजमध्ये उरले २२५०, त्यातून फ्लोअरिंगची जाडी वेगळी. स्ट्रक्चरल आणि एसी कन्सल्टंटची मॉडेल्स एकत्र ठेवली तर हे ऑफिसातच कळतं. डक्ट चपटा करता येतो, बीमचा पुनर्विचार होतो. बीम भरून झाल्यावर कळलं, तर साइटवर भोकं पाडायची भाषा सुरू होते, आणि ते ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. सॉफ्टवेअर शेकडो क्लॅश, म्हणजे दोन गोष्टी एकमेकांत घुसतात अशा जागा, दाखवतं. त्यातले महत्त्वाचे कोणते, हे अनुभवी माणसालाच ठरवावं लागतं.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: फी. मॉडेलवर काम केलं की मेहनत डिझाइनच्या टप्प्यावरच सरकते. अमेरिकन आर्किटेक्ट पॅट्रिक मॅकलेमी यांचा प्रसिद्ध आलेख हेच दाखवतो. फीचा मोठा हप्ता त्यानंतरच्या वर्किंग ड्रॉइंगवरच (साइटवर बांधायला लागणाऱ्या ड्रॉइंगवर) ठेवलात तर मधले महिने जड जातात. करारातले टप्पे आधी बदला.

आणि विकत घेण्यापूर्वी ट्रायल व्हर्जनमध्ये तुमचं एखादं छोटं, पूर्ण झालेलं काम पुन्हा उभं करा. त्याची आयएफसी फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा मॉडेलचा सामायिक फॉरमॅट) काढून तुमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला उघडायला द्या. त्यांच्याकडे बीम बीम म्हणूनच उघडला, तर पैसे भरा.