टाच, श्वास आणि पातूरचा घाट

आमची दिंडी पूर्णाकाठची. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याची सोय आधी बघायची आणि मग बाकीचं. ज्येष्ठात पंढरपूरला निघतो. चाळीस-पन्नास माणसं, एक ट्रॅक्टर, त्यावर वळकट्या, दोन मोठे गंज, ज्वारीच्या पिठाची पोती. शेगावहून संस्थानची पालखी निघते ती पांढऱ्या पोशाखातली, पावलाला पाऊल लावून चालणारी. आम्ही तिच्या आगेमागे, आपल्या कुवतीनं.

मी हठयोग शिकलो तो आबांकडे. आबा शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात पिढीजात वारी. त्यांच्याकडे शिकायला गेलेल्या माणसाला पहिलं वर्ष बसणं आणि श्वास सोडणं, एवढंच मिळायचं. स्वस्तिकासनात बसा, चार मोजत घ्या, आठ मोजत सोडा, धरू नका. मग हातावर सरकी काढलेला कापूस ठेवायचे आणि हात नाकाखाली आणायचे. सोडलेल्या श्वासानं कापूस हलला तर तुमचा श्वास अजून दांडगा आहे. कापूस निवांत राहायला लागला की नाडीशोधन, म्हणजे एकेका नाकपुडीनं आलटून-पालटून श्वास. कुंभक, म्हणजे श्वास धरणं, त्यानंतर, आणि तोही आधी १:१:२, घेणं, धरणं, सोडणं या क्रमानं. हनुवटी छातीशी टेकवायचा जालंधर बंध नीट बसल्याशिवाय पुढे नाही, कारण हनुवटी नुसती खाली पाडली आणि छाती वर उचलली नाही तर मानेच्या शिरा तटतटतात, डोकं जड होतं. १:४:२ हे प्रमाण पुस्तकात वाचून पहिल्याच महिन्यात करणारे पुष्कळ असतात. सोडताना धाप लागली, श्वास नाकातून भसकन बाहेर आला, की आकडा जास्त झाला असं समजावं आणि दोन पायऱ्या खाली यावं. आबांची सगळी शिकवण या एका खुणेवर उभी होती.

पण आबांकडे एक अडचण प्रत्येकाला यायचीच. पहाटे ते ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढायचे. मूळबंध, पोट आत ओढून धरायचा उड्डियान, जालंधर, कुंडलिनीचं जागणं, सगळं त्यात मराठीत सविस्तर आहे, १२९० सालचं. संध्याकाळी हरिपाठ. आणि हरिपाठाच्या पाचव्या अभंगात त्याच ज्ञानोबांनी सांगितलंय की योगयागाच्या विधीनं सिद्धी होत नाही, ती नुसती उपाधी. मग पहाटे दोन तास करतो ते काय? नाथपंथाची दीक्षा निवृत्तिनाथांकडून घेतलेल्या माणसानं असं का म्हणावं? आबांना विचारलं की ते एकच उत्तर द्यायचे. "दोन्ही मावलीचंच हाय. पायी जाऊन पाह्य, मंग समजन."

आता चालण्याकडे येतो.

अकोल्यापर्यंतचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. डांबर, ऊन, काळ्या रानात पेरणीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं, वाडेगावकडच्या लिंबांचं सरबत. अकोल्यात मुक्काम झाला, गर्दी होती, पुढे निघालो. ऊन बेचाळीसच्या आसपास असलं की तहान लागेपर्यंत थांबायचं नसतं. नुसतं पाणीच पाणी प्यालं तर घामातलं मीठ भरून निघत नाही आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्याला एक, अर्ध्या बाटलीत नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, दोन्ही सपाट भरून. लघवी गडद पिवळी झाली की आपण मागे पडलो आहोत.

शीतली प्राणायामाबद्दल सगळे विचारतात. जिभेची नळी करून श्वास घेतला की गार वाटतं हे खरं, पण वाटेवर ट्रॅक्टरच्या मागे चालताना तो करू नये. नाक धूळ अडवतं, जीभ अडवत नाही. झाडाखाली बसल्यावर, आधी दोन घोट पाणी पिऊन, दहा-बारा आवर्तनं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याहून जास्त केली की घसा सुकतो आणि रात्री अभंगाला आवाज लागत नाही.

आणि चिडचिड. ती लिहिली पाहिजे. पहाटे अडीचला उठून बसावं तर कुणाच्या तरी बॅटरीचा झोत थेट तोंडावर. पाण्याच्या नळाला रांग, रांगेत भांडण. बिस्किटांचे पुडे वाटणाऱ्यांची माया खरी, पण पुढच्या फर्लांगभर त्याच पुड्यांचे कागद पायाखाली. एक गृहस्थ आपली चक्रं कशी एकेक उघडत गेली ते मोठमोठ्यानं सांगत माझ्या शेजारून चालत होते, टाळांच्याही वर आवाज. मला त्यांचा राग आला, आणि तो दुपारपर्यंत उतरला नाही. आसनावर बसून जो श्वास कापूस हलवत नाही, तोच श्वास अशा वेळी छातीच्या वरच्या भागात अडकून उथळ चालतो. आबा म्हणायचे, साधकाची परीक्षा आसनावर होत नाही.

पातूर सोडलं त्या दुपारी टाच गेली.

फोड का येतो हे आधी सांगतो. घामानं कातडी मऊ पडते, उष्णतेनं आणखी मऊ, आणि पाऊल चपलेत प्रत्येक पावलाला थोडं सरकतं. वरची कातडी चपलेबरोबर थांबते, आतला मांसल भाग हाडाबरोबर पुढे जातो, दोन थर सुटतात, मध्ये पाणी भरतं. त्यात आमची दिंडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते. डांबरी रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो, त्यामुळे दिवसभर डावं पाऊल बाहेरच्या बाजूला घसरत राहतं. माझा फोड डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेलाच आला. आधी चुरचुर, मग एकाच जागी गरम वाटणं. गरम वाटलं की तिथेच थांबून कापडी चिकटपट्टी लावायची असते, कोपरे गोल कापून, नाहीतर कोपरा उचकटतो आणि तोच घासायला लागतो. पण चढाच्या तोंडाशी दिंडी थांबत नाही.

फोड लहान असेल तर हात लावू नये. मोठा आणि ताणलेला असेल आणि चालायचंच असेल तर साबणानं धुवून, सुई स्पिरिटनं पुसून, खालच्या कडेला दोन बारीक भोकं पाडावीत, पाणी हलकेच दाबून काढावं, कातडी अजिबात कापू नये. तीच सर्वात चांगली पट्टी. वर मलम, स्वच्छ गॉज, चिकटपट्टी. वारीत जुनी रीत अशी की सुईतला दोरा फोडातून ओवून तसाच ठेवायचा. पाणी झिरपतं हे खरं, पण त्याच दोऱ्यानं रस्त्याची घाण आत जाते. दोरा ठेवू नये. मधुमेह असलेल्यांनी तर हे स्वतः करूच नये, दिंडीबरोबरच्या डॉक्टरला दाखवावं. आणि लाली वर चढायला लागली, ताप आला, की कुणाचंच न ऐकता दवाखाना.

मी रस्त्याकडेला एका पंक्चरच्या टपरीच्या सावलीत टेकलो. टपरीवाला एका ट्रकचं चाक उतरवून बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं टॉमी खाली ठेवली.

"बसा बाप्पा. पाय मंग पाहू, आंधी चप्पल दाखवा."

चप्पल हातात घेऊन त्यानं ती डोळ्यांसमोर आडवी धरली. टाचेची बाहेरची कड झिजून खाली बसलेली. मागच्या पट्ट्याची शिवण उसवलेली नव्हती, पण तिची गाठ नेमकी फोडाच्या जागी येत होती. त्यानं बोटानं दाखवलं. "पाय खराब नाही तुमचा. हे गाठ घासते, अन् हे कड बसली म्हून पाय त्याच बाजूनं जाते."

मग त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापली. कानशीनं एक बाजू खरवडून खडबडीत केली, पट्ट्यावरही तसंच केलं. दोन्हीकडे सोल्युशन लावलं आणि लगेच चिकटवलं नाही. बोट टेकवून बघत राहिला. ओलं असताना दाबलं तर आत वाफ राहते आणि मैलभरात सुटतं, असं तोच म्हणाला. बोटाला चिकटेनासं झालं तेव्हा पट्टी गाठीवरून ओढून बसवली, कडा हातोडीनं हलक्या ठोकल्या. ट्यूबची गुळगुळीत बाजू पायाकडे आली. मग टायरच्या फ्लॅपचा एक पातळ तुकडा रापीनं उतरता तासला, एका कडेला जाड, एका कडेला जवळजवळ शून्य, आणि टाचेखाली झिजलेल्या बाजूला लावला. चप्पल सपाट फळीवर ठेवून दोन वेळा दाबून पाहिली. डुगडुगली नाही.

हे चाललं असताना ट्रकचा ड्रायव्हर डोक्यावर उभा. माल वेळेवर पोचवायचा होता, त्याचंही खोटं नव्हतं. तो बोलायला लागला तसा टपरीवाला मान वर न करता म्हणाला, "थांब न गा. तुले इंजन हाय. यायले पंढरपूरपरेंत पायी जाच हाय."

ड्रायव्हर शेवटपर्यंत घुश्शातच होता. त्यानं शिवी दिली ती मला की टपरीवाल्याला ते कळलं नाही.

पैसे काढले तर त्यानं हात मागे घेतला. "येतानी दाखवाले या, टिकलं का नाही." मी हो म्हटलं. चप्पल घालून उभा राहिलो तेव्हा फोड होता तसाच होता, पण गाठ त्याच्यावर येत नव्हती. टपरीवाला परत चाकाकडे वळला होता. मी त्याच्या पायाला हात लावला तर तो दचकला. "माया काहून पडता पाया, मालकरी माणूस तुम्ही."

त्या अर्ध्या तासात माझा श्वास पोटात उतरला होता. मी काही केलं नव्हतं. सोल्युशन वाळायची वाट बघत होतो, एवढंच.

घाटात श्वास कसा ठेवायचा ते सांगतो. सपाटीवर चार पावलांत घ्यायचा, सहा पावलांत सोडायचा, नाकानं. चढावर दोनात घ्यायचा, तिनात सोडायचा. त्यानंही भागेना तर पाऊल आखूड करायचं, श्वास तोंडानं ओढायचा नाही. कुंभक चालताना मुळीच नाही. अंगाला हवा हवी असताना ती अडवली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस रस्त्यावर पडतो. नामाचा उच्चार सोडण्याच्या टप्प्यावर ठेवावा. पाय मोजतात, तोंड नाम घेतं, मनाला तिसरं काम उरत नाही.

मेडशीला शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम. संध्याकाळी पाय सुजतात, त्याला सगळ्यात उपयोगी विपरीत करणीची सोपी रीत: भिंतीला कंबर टेकवून पाय भिंतीवर उभे, कमरेखाली वळकटी, पाच ते दहा मिनिटं. त्याआधी घोटे दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा फिरवावेत. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा डोळ्यांत काचबिंदू आहे त्यांनी नुसते पाय वळकटीवर ठेवून झोपावं. वज्रासन सुजलेल्या पायांवर करू नये, जेवणानंतर ते चांगलं असा लौकिक असला तरी. उड्डियान रिकाम्या पोटीच, आणि दिंडीत पोट रिकामं असलं तरी रात्रभरची झोप झालेली नसते, म्हणून वारीत मी उड्डियान बंद ठेवतो.

मालेगाव झालं. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर बाहेरून पाहिलं, रांग मोठी होती. रिसोड.

यातल्या कुठल्याशा दोन गावांच्या मध्ये, उजेड कमी झालेला, पाऊस नुकताच येऊन गेलेला, हरिपाठ चालू होता. मातीचा वास. पाचवा अभंग आला. तोंडानं म्हणत होतो आणि सवयीनं श्वासाकडे लक्ष होतं. एक चरण पुरा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा श्वास बाहेर जात राहतो, आणि दोन चरणांच्या मधल्या टाळाच्या ठोक्यात तो पटकन आत येतो. घेण्याच्या चौपट सोडणं, न मोजता, न धरता, पन्नास माणसांचं एकाच लयीत. आबांनी ज्याच्यासाठी आम्हाला वर्षभर कापूस धरून बसवलं ते इथे आपोआप चाललं होतं, ज्या बायांनी जन्मात नाडीशोधन ऐकलं नाही त्यांचंही. फक्त त्या ओरडत नव्हत्या. वारीत आवाज चढवून म्हणणारे असतात, त्यांचा घसा तिसऱ्या दिवशी बसतो, कारण ते पोटाऐवजी गळ्यातून म्हणतात. आणि त्याच अभंगात पुढे आहे की गुरूवाचून अनुभव कळत नाही. इतकी वर्षं पहिल्या चरणाशी भांडत होतो, हा चरण तिथेच होता. माझे डोळे भरून आले, मी चालत राहिलो. शेजारचे चक्रंवाले गृहस्थही म्हणत होते, आणि त्या वेळी त्यांचा आवाज मला नीट लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मिळायला उशीर झाला आणि मी परत चिडलो.

रिसोडनंतर सेनगाव, मराठवाडा लागतो, पुढची वाट लांब आहे. एकादशीला दर्शन झाल्यावर पुष्कळजण त्याच रात्री एसटी धरतात. आबा पौर्णिमेपर्यंत थांबायचे. गोपाळपूरला काला झाला की वारी पुरी होते, आणि ती आषाढी पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा. ते गेल्यापासून आम्ही त्यांचे शिष्य काल्याच्या लाह्या हातात घेऊनच त्यांना नमस्कार करतो.

घरी आल्यावर कुंभक लगेच धरायचा नाही. महिनाभराच्या चालण्यानं वजन उतरलेलं असतं, झोप अपुरी असते, आणि अशा अंगात जुना आकडा धरला तर छातीत धडधड होते. पहिले आठ दिवस नुसतं चार-आठ, दूध-तुपावर. मग पंधरवडाभर १:१:२. एकेक मोजणी वाढवत न्यावी, सोडताना धाप लागते का ते रोज पाहावं. पोळ्याआधी जुन्या आकड्यावर यायचं नाही.