कुमानोची पायी वारी: होंगूपर्यंतचे शेवटचे सात किलोमीटर

जपानच्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पातली ‘नाकाहेची’ ही जुनी यात्रेची वाट ताकिजिरी-ओजीपासून कुमानो होंगू ताइशा या शिंतो देवळापर्यंत साधारण ३८ किलोमीटर भरते. सगळी जमत नसेल, तर होश्शिनमोन-ओजीपर्यंत बसने जाऊन पुढचे ७ किलोमीटर चालावेत. आम्ही हाच टप्पा चाललो. फार उतार-चढाव नाहीत, पण अडीच-तीन तास लागतातच. दर ५०० मीटरवर क्रमांकाचा खांब आहे. मदत मागायची वेळ आली तर तो आकडा सांगावा. पावसानंतर शेवाळलेल्या फरशीवरून आणि झाडांच्या मुळांवरून उतरताना पाय सटकतो, म्हणून नक्षी झिजलेले बूट नकोत.

ओजी म्हणजे वाटेवरची लहान देवस्थानं. बऱ्याच ठिकाणी लाकडी पेटीत शिक्का असतो, वही सोबत ठेवावी. फुशिओगामी-ओजीपाशी खाली होंगूचं खोरं पहिल्यांदा दिसतं. जुने यात्रेकरू इथेच गुडघे टेकून दंडवत घालत.

ही वाट देवळाच्या मागच्या बाजूने आत येते. आधी हात धुवायचे: उजव्या हातात पळी घेऊन डावा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ. पळीला तोंड लावायचं नाही. शेवटी डावा हात पुन्हा धुवून पळी उभी धरायची, म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. पहिलं दर्शन केत्सुमिमिको देवाचं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग एकदा वाकायचं. हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) सालीचे थर रचून केलेली छपरं इथे जवळून बघावीत. रंगरंगोटी नाही, तरी नजर हटत नाही.

बरेच जण इथेच थांबतात, आणि हे खरंच चुकतं. १८८९ च्या महापुरापर्यंत होंगू खाली नदीकाठी, ओयुनोहाराला होतं. पुरातून वाचलेली मुख्य देवळं १८९१ साली टेकडीवर आणून बसवली. पूर्वी ओयुनोहाराला जायला पूल नव्हता. ओतोनाशी नदीच्या पाण्यातून, कपडे भिजवतच जावं लागे, आणि तीच शुद्धी मानली जाई. आता १५८ पायऱ्या उतरून दहाएक मिनिटांत पोचता येतं. समोरचं ३३.९ मीटर उंच पोलादी तोरी, म्हणजे देवस्थानाचं प्रवेशद्वार, २००० सालचं. पलीकडच्या झाडीत, जुन्या जागेवर, दोनच दगडी देवळ्या आहेत. त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवावा आणि परतीच्या बसची वेळ आधीच बघून घ्यावी, कारण गाड्या मोजक्याच असतात.