गाईने खाल्लेलं नाव

गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाली, पंखा फुल केला आणि एखादा सिनेमा लावू या म्हणून आम्ही तिघं बसलो. बायको म्हणाली, अहो तो पावसातल्या छत्रीवाला लावा, परवापासून मला दिसतोय. मी म्हटलं छत्री बित्री काही नाही, मला तर तो बंदूकवाला दिसतोय, तोच लावतो. तिला मारामारी नको, मला पावसातलं प्रेम नको, शेवटी दोघांनी आपापले मोबाईल एकमेकांच्या नाकासमोर धरले तेव्हा चिरंजीव हसायला लागले, बाबा, नाव तर वाचा. वाचलं. एकच सिनेमा! तुम्ही एरवी काय बघता त्याचा हिशोब त्या ॲपकडे असतो म्हणे आणि त्याप्रमाणे ते एकाच सिनेमाला माणसागणिक वेगळं चित्र चिकटवतं. चिरंजीवांच्या फोनवर त्याच सिनेमात एक जाड्या माणूस तोंड वासून उभा होता, म्हणजे त्यांच्यासाठी ती कॉमेडी.

सिनेमा मग राहिलाच, दोघं झोपली. मला मात्र झोप येईना, ही शुद्ध चीटिंग आहे असं वाटत राहिलं. नंतर वाटलं, आपल्या वेळची पोस्टरं तरी कुठे हरिश्चंद्राची औलाद होती?

इंदूरला रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लांब भिंत होती, कुणाची ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिच्यावर दर शुक्रवारी सकाळी नवा सिनेमा उगवायचा. गुरुवारी रात्री एक माणूस सायकलवर यायचा, हँडलला लेईची बादली, कॅरियरवर कागदांच्या घड्या आणि खांद्यावर शिडी. आई लेईला खळ म्हणायची, पण बादलीत असली की ती लेईच. मोठं पोस्टर सहा तुकड्यांत यायचं आणि हा माणूस अंधारात, बिडी तोंडात धरून ते जोडायचा, त्यामुळे सकाळी पाहावं तर हीरोचं अर्धं नाक दुसऱ्या अर्ध्यापेक्षा दोन बोटं वर. त्या नाकासकट आम्हाला तो हीरो आवडायचा. पुढे खराखुरा पडद्यावर पाहिला तेव्हा त्याचं नाक सरळ होतं आणि माझा थोडा विरसच झाला.

लेई मैद्याची. तिला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात असं दादा सांगायचे, पण आमचा माणूस मोरचुदात कंजूषी करत असावा कारण गल्लीतली गाय शनिवारपासून पोस्टर खायला सुरुवात करायची. खालून वर. आधी प्रोड्यूसर जायचा, मग संगीतकार, मग विलन, आणि मान पुरेल तिथपर्यंत ती पोचायची. उंचावरचे स्टार वाचायचे.

दादांच्या सायकलच्या दांड्यावर बसून राजवाड्याकडे जाताना मी वाटेतली सगळी पोस्टरं मोठ्याने वाचायचो, माझं हिंदी असंच सुधारलं, शाळेचा त्यात काही हात नाही. नाव तीन लिप्यांमध्ये असायचं. त्यातली उर्दू अक्षरं म्हणजे नक्षी आहे असं मला चौथीपर्यंत वाटत होतं, तलवारीच्या सिनेमाला जास्त नक्षी, घरगुती सिनेमाला कमी, असा माझा स्वतःचा सिद्धांतही होता.

सिनेमे आम्हाला वर्षातून दोन दाखवायचे, फार तर तीन. बाकीचे सगळे ताईने आणि मी भिंतीवर पाहिले. ओट्यावर बसायचं आणि चित्रावरून स्टोरी काढायची. सगळ्यात मोठा चेहरा ज्याचा तो मरणार नाही, आणि मेलाच तर अगदी शेवटी. कोपऱ्यात पांढऱ्या केसांची आई असेल तर इंटरवलपर्यंत तिचं काही खरं नाही. ज्याचा अर्धा चेहरा निळा किंवा हिरवा रंगवलाय त्याच्या मनात काहीतरी आहे. ताई यात भयंकर हुशार होती, ती मेलेल्या आईलाही शेवटी परत आणायची, कुंभमेळ्यात सापडायची ती. मग कधी सहा महिन्यांनी तोच सिनेमा खरा बघायला मिळायचा आणि आम्ही दोघं टॉकीजच्या अंधारात चिडून बसायचो की ह्यांनी स्टोरी बिघडवली.

मॉर्निंग शोच्या पोस्टरांचं खातं वेगळं. त्यांच्यावर जागोजागी काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या आणि ती भिंत आली की आई पदर सावरत एकदम भाजीचे भाव बोलायला लागायची. आता आठवलं की हसू येतं, ज्याने त्या पट्ट्या लावल्या त्याच्याइतकं पब्लिक कुणी खेचलं नसेल. पट्टी नसती तर मी बघितलंही नसतं.

आणि होर्डिंगं! ती तर हातानेच रंगवायचे. एका टॉकीजच्या मागच्या वाड्यात हे काम चालायचं आणि शाळा सुटली की मी तिथे फाटकाला लटकून उभा असायचो. पेंटरच्या हातात एक फोटो, त्यावर पेन्सिलीने चौकटी आखलेल्या, तशाच मोठ्या चौकटी कापडावर, आणि एकेक चौकट करत हीरो वाढत जायचा. परांचीवर उभ्या माणसाला काय दिसणार, त्याच्यासमोर फक्त माझ्या खाटेएवढा जबडा. एकदा तो खाली उतरला, लांब जाऊन बघितलं आणि मला म्हणाला, "ए छोरे, ये कौन है?" मी एका हीरोचं नाव सांगितलं. चुकलं होतं. तो काही बोलला नाही, पुन्हा वर चढला, तपकिरी रंगात ब्रश बुडवून कानाजवळ दोनच फटके मारले, कल्ले वाढवले. "अब?" मी बरोबर नाव सांगितलं. "जा, नुक्कड़ पे चाय बोल दे।"

इतका अधिकार मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळाला नाही.

ते कापड सिनेमा उतरला की धुऊन, पांढरं फासून पुन्हा वापरायचे. म्हणजे ह्या शुक्रवारच्या हीरॉइनच्या गालाखाली मागच्या महिन्याचा डाकू. पावसाळ्यात कधीकधी तो वर यायचा, निदान मला तरी तिच्या गालावर दाढी दिसायची.

आपल्या मराठी माणसांचं या धंद्यात बरंच काही आहे हे मला फार उशिरा कळलं. जुन्यात जुनं टिकलेलं भारतीय सिनेमाचं पोस्टर म्हणून ज्याचं नाव घेतात ते १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं. नावातच पेंटर, मग काय. आणि सत्तरच्या दशकातले ते जाड फटकाऱ्यांचे चेहरे, सुरीने रंग थापल्यासारखे, जे बघून आमच्या गल्लीतली पोरं केस वाढवून फिरायची, त्यातले कितीतरी दिवाकर करकरे यांच्या स्टुडिओतून आलेले, 'दीवार'चं पोस्टर त्यांचंच. मी आयुष्यभर त्या चेहऱ्यांवर फिदा होतो आणि करकरे हे नाव मला पन्नाशीत कळलं. सही कोपऱ्यात असायची ना, खालच्या. गाय!

चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेबांचं मात्र इंदूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. इथेच वाढले, इथल्या चित्रशाळेत शिकले आणि मुंबईत जाऊन आधी सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं. आमचे एक काका कुठलाही विषय निघाला की दहा मिनिटांत त्याला हुसेनपर्यंत आणायचे आणि मग म्हणायचे, इंदूरचं पाणीच तसं. नर्मदेचं पाणी इंदूरला आलं सत्तरच्या दशकाच्या शेवटी, हुसेन तोवर साठीचे झाले होते, पण काकांना कोण सांगणार.

मग फ्लेक्स आला आणि चौकटी आखणारे हात रिकामे झाले. फ्लेक्सवर नाक सरळ असतं हे कबूल. पण हल्लीची पोस्टरं बघून मला स्टोरी काढता येत नाही, हा माझा खरा राग आहे. सगळे आपले पाठमोरे उभे, समोर धूर, अर्धं चित्र निळं अर्धं नारिंगी, आणि आठ जणांची मुंडकी हवेत तरंगतायत. यातली आई कुठली ते सांगा.

आता तर भिंतीच राहिल्या नाहीत, म्हणजे भिंती आहेत पण २०१७ पासून आपण इंदूरवाले स्वच्छतेत देशात पहिले, त्यामुळे त्यांच्यावर ओला कचरा सुका कचरा आणि रंगीत मोर. चांगलंच आहे, तक्रार नाही. टॉकीजची नावं मात्र टिकली, रीगल गेलं तरी रीगल चौराहा आहे, मधुमिलन चौराहा आहे, सपना-संगीता रोडवर तर आख्खं मार्केट उभं आहे. रिक्षावाला "सपना-संगीता, सपना-संगीता" ओरडतो तेव्हा मागे बसलेल्या पोरीला वाटत असेल कुणीतरी दोन बहिणी असणार.

तर सांगायचं होतं ते एका पोस्टरचं. ७८-७९ साल असेल. मागे सगळं लालभडक, त्यात एक ट्रेन, ट्रेनमागे धावणारी बाई आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात. बस. नाव खालच्या बाजूला होतं आणि आम्ही उठायच्या आत गाईने ते खाल्लं होतं. आम्ही त्याची स्टोरी तीन दिवस लावत होतो, मला अजून आठवते आहे, तो हात बाईच्या नवऱ्याचा नसतोच. तो सिनेमा मी आजवर शोधतोय. टीव्हीवर शोधला, फोनवर शोधला, ट्रेन दिसली की थांबतो. परवा त्या छत्री-बंदुकीच्या गोंधळानंतर झोप येईना म्हणून देवासला ताईला फोन लावला.

"ताई, ती ट्रेनवाली आठवते का गं? लाल पोस्टर, नाव गाईने खाल्लेलं?"

"ट्रेन कुठली, बस होती. आणि ती धावत नव्हती रे, उतरत होती."

"आणि हात?"

"कसला हात? हीरो होता की तिथे, त्यालाच तर गाईने खाल्लं. मी रडले होते."

"म्हणजे नाव होतं?"

"होतं ना, चांगलं ठळक."

"मग काय होतं?"

ताई जरा थांबली. मग म्हणाली, अरे दूध ठेवलंय गॅसवर, करते नंतर. तो फोन अजून आलेला नाही.